पीळ मोजा, मग पट्टी मारा

वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारींची चौकट आणि इंजिनाची पकड

मागच्या अंकात मी चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीच्या, रंगाबद्दल लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती मात्र रंगाखालच्या लोखंडाबद्दल. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, पण बाकीच्या तिघांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत, म्हणून सगळ्यांनी ते वाचावं अशी विनंती.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्याकडे १९२० च्या दशकातली चार सिलिंडरची उघडी टूरर आहे. इंजिन चार कानांवर (बाहेर आलेल्या धारकांवर) थेट चासीला बोल्टने आवळलेलं आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या डब्याचा) पुढचा डावा कान आठ वर्षांत दोनदा तुटला, दोन्ही वेळा वेल्डिंग करून घेतलं. शिवाय एक चाक खड्ड्यात गेलं की मागचा दरवाजा आपोआप उघडतो. एका जाणत्या माणसाने सांगितलं की चासीच्या उघड्या चॅनेलला (तीनच बाजू असलेल्या दांडीला) आतून पट्टी वेल्ड करून तिची पेटी करा, सगळं ताठ होईल. करू का? आणि चासी किती पिळते हे घरी मोजता येतं का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मोजता येतं. आणि मोजल्याशिवाय पहिल्या प्रश्नाला मी हो म्हणणार नाही.

तुमचे सल्लागार चुकीचं बोलत नाहीत. पेटी ताठ होते, आणि ती किती ताठ होते हे कळलं तर छातीत धस्स होईल. १०० मिमी उंच, ४५ मिमी रुंद फ्लँजची (वरच्या-खालच्या आडव्या बाजूंची), ४ मिमी जाड पत्र्याची चॅनेल घ्या. वरून वजन ठेवलं तर ती भक्कम आहे. पण अडीच मीटर लांबीची ती एकटी चॅनेल एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला पिळून बघा. एक अंश पिळायला एक मीटरच्या तरफेच्या टोकाला पाव किलोहूनही कमी वजन पुरतं. तीच चॅनेल चौथ्या बाजूने बंद केली की पिळाला होणारा विरोध हिशेबाने सुमारे पावणेतीनशे पट होतो. वाकण्यात फार फरक पडत नाही, पिळण्यात जमीन-अस्मानाचा पडतो.

पण जुन्या चौकटीला पिळू द्यायचं हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलेलं असायचं. फोर्डचं मॉडेल टी बघा. १९०८ ते १९२७ या काळात ती गाडी दीड कोटी बनली. पुढे एक आणि मागे एक अशा दोनच आडव्या कमानपाट्यांवर (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर) ती उभी, आणि इंजिन तीन ठिकाणी टेकलेलं. पुढे मधोमध एक टेकू, मागे क्रँककेसच्या तबकाचे दोन हात दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर. तीन पायांची तिवई कितीही उंचसखल जमिनीवर डगमगत नाही, तसंच हे. चौकट पिळली तरी इंजिनाला पीळ लागत नाही. तुमच्या गाडीत चार पाय आहेत. चौकट पिळली की चारांपैकी एक पाय अधांतरी होऊ पाहतो, पण बोल्ट त्याला सोडत नाही. मग कान तुटतो. लोखंड लवतं, ओतीव अ‍ॅल्युमिनियम लवत नाही.

पट्टीबद्दल मी इतकी सावध का, ते सांगते. उमेदवारी संपवून स्वतंत्र काम करू लागले त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका टूररची चौकट मी अगदी अशीच मधल्या भागात पेटी करून दिली, डॅशबोर्डच्या रेषेपासून मागच्या पाट्याच्या खुंटीच्या अलीकडेपर्यंत. वेल्डिंग सुबक झालं होतं, मालक खूश होते. पुढच्या वर्षी गाडी परत आली. माझी पट्टी जिथे संपत होती नेमकं तिथे, खालच्या फ्लँजच्या काठापासून वर चढत गेलेली एक चीर होती. जाडी केसाएवढी. रंगावर फक्त तांबूस रेघ दिसत होती, गंजाची पूड बाहेर पडत होती ती. नख फिरवलं तेव्हा अडकलं. पूर्वी अडीच मीटरभर वाटला जाणारा पीळ मी उरलेल्या अर्ध्या मीटरमध्ये कोंडला होता. त्या माणसाने माझ्यावर विश्वास टाकून कुटुंबाला त्या गाडीत बसवलं होतं, ही गोष्ट मी कधी विसरले नाही. तेव्हापासून माझ्या बाकावर मोजल्याशिवाय कुठल्याही चौकटीला वेल्डिंगची कांडी लागलेली नाही.

आता मोजणी. चासी उघडी करता आली तर उत्तम. बॉडी उतरवलेली, चाकं आणि कमानपाटे काढलेले, इंजिन मात्र जागेवर. मागच्या पाट्यांच्या दोन्ही खुंट्या दोन भक्कम घोड्यांवर (उभ्या टेकणांवर) टेकवा आणि शिकंज्याने पक्क्या करा. पुढच्या बाजूला दोन घोडे नकोत. पुढच्या पाट्यांच्या हातांवर एक जाड आडवी तुळई बांधा आणि ती बरोबर मधोमध एकाच टेकूवर ठेवा. अर्धगोल लोखंडी तुकडा चालतो. तुळईने त्या टेकूवर तराजूसारखं डुलायला हवं. तुळईचं एक टोक टेकूपासून दीड मीटर बाहेर काढा. तिथे वजन टांगायचं आहे. वजनासाठी पाण्याच्या डब्यासारखं सोपं साधन नाही, एक लिटर म्हणजे एक किलो. डब्याचं स्वतःचं वजन हिशेबात धरायला विसरू नका.

वाचन कसं घ्यायचं? दोन-दोन मीटर लांबीच्या पाच सरळ लाकडी काठ्या घ्या. चौकटीवर आडव्या, बाजूच्या दोन्ही दांड्यांना चिकटून बांधा. एक अगदी पुढे, एक इंजिनाच्या पुढच्या कानांपाशी, एक मागच्या कानांपाशी, एक गिअरबॉक्सच्या आडव्या दांडीवर, एक मागच्या खुंट्यांवर. प्रत्येक टोकाची जमिनीपासूनची उंची पोलादी पट्टीने मोजा. दोन मीटरच्या काठीवर एक अंश म्हणजे दोन टोकांत ३५ मिमीचा फरक, म्हणजे महागडं काही लागत नाही. जमीन समतल असायचीही गरज नाही, कारण आपल्याला हवा आहे तो वजनाआधीच्या आणि वजनानंतरच्या उंचीतला फरक. वाचन घेण्यापूर्वी पुढे उभ्या राहून एक डोळा मिटून पाचही काठ्या एका नजरेत घ्या. सुतार फळीचा पीळ बघतात तसं. वजन चढताना पंख्यासारख्या उलगडत जाणाऱ्या त्या काठ्या एकदा पाहिल्या की चासी नावाच्या वस्तूबद्दलचा समजच बदलतो.

आधी पूर्ण वजन एकदा टांगून काढून घ्या, म्हणजे सगळे सांधे आपापल्या जागी बसतील. मग ५, १०, १५, २० किलो असं चढत जा, दर पायरीला दहाही टोकं मोजा. मग त्याच पायऱ्यांनी उतरत या. ही उतरती वाचनं कंटाळून गाळली जातात, आणि खरी बातमी तिथेच असते. वजन शून्यावर आलं तरी काठी मूळ उंचीवर आली नाही, तर कुठेतरी सांधा घसरतोय. सैल रिव्हेट, नाहीतर दडलेली चीर. मग हेच सगळं दुसऱ्या बाजूला वजन टांगून.

हिशेब एका उदाहरणाने दाखवते. समजा इंजिन काढलेलं आहे. २० किलो दीड मीटरवर म्हणजे सुमारे २९४ न्यूटन-मीटर. पुढच्या काठीच्या टोकांत ४९ मिमीचा फरक पडला, मागच्या काठीत साडेतीन मिमीचा. मागचा फरक हा टेकूंचा, तो वजा करायचा. उरले साडेपंचेचाळीस मिमी, म्हणजे १.३ अंश. २९४ ला १.३ ने भागा, अंशाला सुमारे २२५ न्यूटन-मीटर. आता इंजिन बसवून चारही बोल्ट आवळा आणि तेच वजन टांगा. समजा पीळ ०.९५ अंश आला. ताठपणा ३१० वर गेला. जास्तीचा ताठपणा कुठून आला? इंजिनाने दिला. तुमचं इंजिन त्या चौकटीत आडव्या दांडीचं कामही करतंय, आणि ज्या चार कानांवर हे काम पडलं ते त्या कामासाठी ओतलेले नाहीत.

पुढची कसोटी मला सगळ्यांत प्रिय आहे. तुटणाऱ्या कानाचा, तुमच्या बाबतीत पुढच्या डाव्याचा, बोल्ट पूर्ण काढा. बाकीचे तीन आवळलेलेच. वजन न टांगता आधी बघा, कान चौकटीवर सपाट टेकतोय का? फट मोजायच्या फीलर गेजचं ०.१ मिमीचं पानही आत जायला नको. गेलं तर बोल्ट आवळण्याच्या क्षणीच तुम्ही कान वाकवत होता, आणि मापाची पातळ चकती घालणं हा पहिला उपाय. आता तो कान ज्या दिशेला वजन टांगल्यावर उचलला जातो त्या बाजूला पहिले पाच किलो टांगा. वरच्या उदाहरणात, इंजिनाच्या जागेचा पीळ २० किलोला अर्धा अंश आणि दोन कानांतलं अंतर ६०० मिमी धरलं, तर पाच किलोलाच कानाखाली सव्वा मिमीची फट पडते. एक मिमीचं पान तेलाशिवायही आत सरकतं. वीस किलोला पाच मिमीचं ड्रिल आडवं आत जातं. हे मी उमेदवार मुलांना त्यांच्याच हाताने करायला लावते. ड्रिल आत गेलं की त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, कारण ती फट बोल्ट रस्त्यावर दर खड्ड्याला जबरदस्तीने मिटवत आलाय हे मग सांगावं लागत नाही.

याच बैठकीत आणखी एक बघा. स्पार्क प्लग काढा, हँडल पुढे लावा आणि हँडलच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून क्रँक फिरवायला किती ओढ लागते ते वाचा. एकदा वजन नसताना, एकदा वीस किलो टांगून, चारही बोल्ट आवळलेले असताना. ओढ वाढली तर चौकटीचा पीळ क्रँककेसमधून थेट मेन बेअरिंगपर्यंत पोचतोय. व्हाइट मेटलचं (मऊ मिश्रधातूचं) बेअरिंग हे फार दिवस सोसत नाही. कान तुटणं हे दिसणारं नुकसान, बेअरिंग वाकड्या रेषेत घासणं हे न दिसणारं.

आता तुमचं काय करायचं. माझ्या मते मागचे दोन कान आहेत तसे चौकटीला पक्के ठेवा. पुढच्या दोन कानांखाली एक आडवी तुळई द्या आणि ती तुळई पुढच्या आडव्या दांडीवर मधोमध एका पिनेवर डुलती ठेवा. झाले तीन टेकू. मूळ भोकं वापरून, चौकटीत काही न कापता हे बसवता येतं आणि पुढे कुणाला मूळ रूप हवं असेल तर काढताही येतं. पण लगेच पुन्हा मोजा. इंजिनाचा आधार गेला, चौकट पुन्हा २२५ च्या आसपास आली, म्हणजे तुमचा दरवाजा आता आधीहून जास्त उघडेल. म्हणून गिअरबॉक्सपाशी, जिथे दोन काठ्यांमधला पीळ सगळ्यांत जास्त दिसेल तिथे, एक गोल नळीची आडवी दांडी बसवा. नळी बंद असते म्हणून पिळाला विरोध करते. तिच्या टोकांना रुंद तबकड्या हव्यात आणि त्या चॅनेलच्या उभ्या पत्र्याला, उंचीच्या मध्याजवळ बोल्ट केलेल्या हव्यात. फ्लँजला भोक पाडू नका, वाकण्याचा सगळ्यांत मोठा ताण फ्लँजच्या काठावर असतो.

आणि पट्टी मारायचीच वेळ आली, तर तिचं टोक कधीही काटकोनात कापू नका. माशाच्या शेपटीसारखं निमुळतं करत न्या, म्हणजे ताठ भागाकडून लवचीक भागाकडे ताण हळूहळू जाईल. आधी चौकटीचं पोलाद कोणतं आहे ते तपासा. उष्णताप्रक्रिया केलेल्या मिश्र पोलादाच्या चौकटीवर वेल्डिंग केलं की शिवणीशेजारचा पट्टा आपला गुण हरवतो आणि चीर तिथून सुरू होते.

दरवाज्याचं राहिलं. बॉडी आणि चौकट यांच्यामध्ये कॅनव्हासची किंवा चामड्याची पट्टी आहे का, आणि बॉडीचे बोल्ट सगळे सारखेच करकचून आवळलेत का, ते पाहा. पुढचे पक्के आणि मागचे थोडी मुभा ठेवून, असं त्या काळी बरेच जण करत. मग एक पुढचं चाक जॅकने १०० मिमी उचला आणि दरवाज्याच्या चारही फटींत कागदाची पट्टी सरकवून बघा. जिथे कागद अडकेल तिथे बॉडी चौकटीचं काम करतेय. जॅकवरच्या गाडीखाली घोडा लावल्याशिवाय हातही घालू नका.

प्रश्न : माझ्याही गाडीचं इंजिन चार कानांवर थेट आवळलेलं होतं. थरथर कमी व्हावी म्हणून मी चारही कानांखाली सहा मिमी जाडीचं कडक रबर घातलं. थरथर कमी व्हायच्या ऐवजी टॉप गिअरमध्ये ४० च्या वेगाला बॉनेट आणि स्टिअरिंग इतकं हलतं की हात बधिर होतात. त्याच्या वर-खाली ठीक. रबर निकृष्ट निघालं का?

उत्तर : रबर बहुधा चांगलं आहे, फक्त तुमच्या कामासाठी फार कडक आहे.

चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, म्हणून फेऱ्याला एकदा येणारा मुख्य धक्का एकमेकांत विरतो. पण पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होतो, त्यामुळे वरच्या अर्ध्या फेऱ्यात पिस्टनची गती खालच्या अर्ध्यासारखी नसते. तो फरक चारही पिस्टनांचा एकाच दिशेने जमा होतो, फेऱ्याला दोनदा, सरळ उभा. आकडा बघा. प्रत्येक पिस्टनचं वजन एक किलो, क्रँकची त्रिज्या ५० मिमी, रॉड २०० मिमी, मिनिटाला १५०० फेरे. चार पिस्टनांचा मिळून धक्का सुमारे १२३० न्यूटन येतो, सव्वाशे किलो, सेकंदाला पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली. फेरे दुप्पट झाले की धक्का चौपट. इंग्रज इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या वजनांचा तोलक काढला तो याच धक्क्यासाठी.

आता तुमचं रबर. इंजिन त्याच्यावर ठेवल्यावर ते किती दबलं हे डायल गेज लावून बघा. इंजिन साखळीवर उचलून धरा, कानाच्या वर गेजची सुई टेकवा आणि हळूहळू खाली सोडा. समजा ते ०.२ मिमीच दबलं. मग त्या रबरावर इंजिनाची स्वतःची उभी कंपनसंख्या सेकंदाला ३५ च्या आसपास येते. रबर हलत्या भाराला स्थिर भारापेक्षा जास्त ताठ वागतं, म्हणून प्रत्यक्षात ४० धरा. इंजिनाचा धक्का फेऱ्याला दोनदा, म्हणजे सेकंदाला ४० धक्के १२०० फेऱ्यांना. तुमच्या ४० च्या वेगाला इंजिन बहुधा त्याच आकड्याच्या जवळ फिरत असेल. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का मिळत राहावा तसं झालंय.

म्हणजे मऊ रबर हवं. किती? चालत्या वेगाचे धक्के रबराच्या स्वतःच्या कंपनसंख्येपेक्षा निदान दीडपट वेगाचे असले तरच रबर त्यांना अडवू लागतं, आणि जितके जास्त वेगाचे तितकं चांगलं. पाचशे फेऱ्यांच्या आयडलला स्फोटांची संख्या सेकंदाला १६-१७ असते. तेव्हा रबरावरची कंपनसंख्या अकराच्या खाली हवी, आणि डावी-उजवीकडे डोलण्याचीही हवी, कारण आयडलचा धक्का मुख्यतः डोलवणारा असतो. इंजिनाच्या वजनाने रबर ४ मिमी दबत असेल तर उभी संख्या आठच्या आसपास येते. पण ४ मिमी दबणारं रबर इंजिनाला मोकाट हलू देतं, आणि मग रेडिएटरचे होज, एक्झॉस्टचा पाइप, क्लचची दांडी, कार्ब्युरेटरची तार सगळ्यांना ती हालचाल झेपली पाहिजे.

हा पेच सोडवण्याचा सर्वांत सुंदर मार्ग १९३१ च्या प्लिमथ मोटारीत अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने आणला, फ्लोटिंग पॉवर या नावाने. दोनच मुख्य रबरी टेकू. पुढचा उंचावर, पाण्याच्या पंपाखाली. मागचा खाली, गिअरबॉक्सच्या शेपटीपाशी. दोघांना जोडणारी तिरकी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाते. इंजिनाला त्या रेषेभोवती डोलायला आवडतं, आणि त्याला नेमकं तिथेच डोलू दिलं. जास्त डोलू नये म्हणून बाजूला एक पोलादी पाटा. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने पुढच्याच वर्षी ती रचना घेतली आणि पोहणाऱ्या हंसाचं चिन्ह करून मिरवली. चार सिलिंडरचं इंजिन इतकं शांत वाटू शकतं हे लोकांना पहिल्यांदा तेव्हा जाणवलं असेल.

तुमच्या गाडीत ती अख्खी रचना आणायला मी सांगणार नाही. आधी एवढं तपासा, गिअरबॉक्स इंजिनाला जोडलेला आहे की वेगळा चौकटीवर बसवलेला? जोडलेला असेल तर पहिल्या गिअरमधला चौपट वाढलेला पिळ-जोर (टॉर्क) सगळा तुमच्या माउंटिंगवर येतो. १२० न्यूटन-मीटरच्या इंजिनाचे ४८० होतात. वेगळा असेल तर माउंटिंगला १२० च सोसायचे आहेत, पण इंजिन हलणार आणि गिअरबॉक्स नाही, म्हणून मधल्या शाफ्टला चामड्याची किंवा कापडी चकतीची लवचीक कपलिंग हवीच. सिलिंडर हेडवर मीटरभराची दांडी आडवी बांधून टोकाला १० किलो टांगा आणि डाव्या-उजव्या कानाच्या गेजचे आकडे लिहा. दोन्ही बाजू सारख्या हलत नसतील तर एखादं रबर आतून पत्र्यापासून सुटलंय किंवा तेलाने फुगलंय. आणि रबर घातल्यावर इंजिनाने चौकटीला दिलेला आधार गेला, हे पहिल्या उत्तरात आहेच. स्टिअरिंगच्या थरथरीत त्याचाही वाटा असू शकतो.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. चौकट लवचीक असल्याने एवढे त्रास होत होते, तर सुरुवातीच्या कारागिरांनी ती ताठ का नाही बनवली?

उत्तर : कारण ताठ म्हणजे जड, असंच तेव्हाचं साहित्य होतं, आणि रस्ते वाईट होते. पानार-लव्हासॉर या जुन्या फ्रेंच कंपनीच्या गाड्यांची चौकट लाकडाची, वर पोलादी पट्ट्या चढवलेली. १९०१ ची ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज आली ती दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटीवर, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं बहुतेकांनी तोच मार्ग धरला. एक्सल ताठ, पाटे कडक, मग चौथं चाक जमिनीवर ठेवायचं काम चौकटीच्या पिळाने करायचं. बॉडीवाल्यांनीही ते मान्य केलं. १९२० च्या दशकात वायमन पद्धतीच्या बॉड्या आल्या, त्यांत लाकडाचे सांधे एकमेकांना टेकतच नसत, मध्ये धातूच्या पट्ट्या आणि वरून कापड. चौकट पिळली की बॉडी निमूटपणे तिच्याबरोबर पिळायची.

वेगळ्या वाटेने जाणारे होतेच. १९२४ च्या बुगाटी टाइप ३५ ची चौकट मधोमध खोल आणि टोकांकडे निमुळती, म्हणजे वाकवणारा जोर जिथे जास्त तिथे लोखंड जास्त. इंजिन तिला पक्कं आवळलेलं, जाणूनबुजून आधार म्हणून. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र १९२२ ला पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या लॅन्सिया लॅम्डा या इटालियन गाडीत आहे. व्हिन्चेन्झो लॅन्सिया यांनी चौकट आणि बॉडीच्या बाजू एकच केल्या. खोल पत्र्याच्या भिंती, आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत आल्या हा योगायोग नाही. चाकं आपापली वर-खाली होऊ लागली की चौकटीला ते काम उरत नाही. उलट ती पिळली तर चाकांची दिशाच बिघडते. १९३० च्या दशकात स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन सर्रास होऊ लागलं, तेव्हा इंग्रजी एक्स अक्षरासारख्या आडव्या दांड्यांच्या चौकटीही सर्रास झाल्या, त्या यामुळेच. तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोन चॅनेल आणि चार दांड्यांची मीटरभराची चौकट बनव. आधी सरळ शिडीसारखी पिळ, मग एक्स घालून पिळ, आणि आकडे मला कळव. मी वाट बघेन.

प्रश्न : चौकटीचे काही रिव्हेट सैल वाटतात. ते काढून बोल्ट घातले तर चालतील का?

उत्तर : चालतील, पण भोकात खुळखुळणारे नकोत. गरम रिव्हेट थंड होताना आखडतो आणि दोन पत्र्यांना इतका आवळतो की ते एकमेकांवर सरकत नाहीत. साधा बोल्ट ढिल्या भोकात घातला तर पत्रे पुन्हा सरकणार. म्हणून भोक रीमरने एकसारखं गोल करा आणि त्यात हाताने न जाणारा, हलक्या हातोडीने बसणारा, गुळगुळीत दांड्याचा बोल्ट घाला. आटे पत्र्याच्या जाडीत येता कामा नयेत.

सैल रिव्हेट ओळखायचा असा. एका बाजूने डोक्याच्या कडेवर, अर्धं डोक्यावर आणि अर्धं पत्र्यावर, बोट ठेवा, दुसऱ्या बाजूने लहान हातोडीने टिचकी मारा. पक्का असेल तर टण्‌ असा आवाज येतो आणि बोटाला काही जाणवत नाही. सैल असेल तर आवाज बसका येतो आणि डोकं पत्र्यापासून वेगळं हललेलं बोटाला कळतं. डोक्याभोवती तपकिरी पूड दिसत असेल तर टिचकीचीही गरज नाही. एका सांध्यातला एक सैल निघाला तर त्या सांध्यातले सगळे बदला, कारण त्याचं ओझं इतके दिवस शेजाऱ्यांनी वाहिलंय.

झाल्यावर पहिल्या उत्तरातली तुळई पुन्हा बांधा, वीस किलो टांगा आणि पायरीपायरीने उतरवा. शेवटचा डबा काढल्यावर काठ्या पहिल्या आकड्यावर परत आल्या तर सांधा बसला. नाही आल्या, तर अजून एक रिव्हेट कुठेतरी राहिलाय.